सयाजीराव रस्त्याखालचे म्हैसूर

विजयादशमीच्या दुपारी म्हैसूरच्या राजवाड्यातून चामुंडेश्वरीची मिरवणूक निघते. साडेसातशे किलो वजनाची सुवर्ण अंबारी पाठीवर घेऊन गजराज संथ पावलांनी चालू लागतो. कृष्णराज चौक मागे पडतो आणि मिरवणूक बन्नीमंटपाच्या दिशेने वळते. दुतर्फा लोटलेल्या गर्दीत महाराष्ट्रातून आलेली कुटुंबेही पुष्कळ असतात. त्यांपैकी कुणाचे तरी लक्ष रस्त्याच्या नावाच्या पाटीकडे जाते आणि त्याला सुखद आश्चर्य वाटते. पाटीवर नाव असते ‘सयाजीराव रोड’. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांचे नाव म्हैसूरच्या या राजरस्त्याने शतकाहून अधिक काळ जपले आहे.

मात्र रस्त्याच्या नावापेक्षाही त्याच्या पोटातील इतिहास अधिक रोचक आहे. जिथून आज सोन्याची अंबारी जाते, तिथून एके काळी एक खोल, दुर्गंधीयुक्त नाला वाहत होता. तो बुजवून त्यावर हा रस्ता बांधण्यात आला. राजवाडा, वृंदावन उद्यान, चंदन आणि रेशीम यांसाठी म्हैसूर आपल्या परिचयाचे आहे. या लेखात आपण त्या शहराकडे थोड्या वेगळ्या वाटेने जाणार आहोत. येथील भूगोलाने येथील रोगराई कशी घडविली, त्या रोगराईने इतिहासाला कसे वळण दिले, आणि एका संस्थानाने सार्वजनिक आरोग्याची पुंजी कशी साठविली, याची ही कथा आहे.

दोन नद्यांमधला उंचवटा

कर्नाटकाचे ढोबळमानाने तीन भाग पडतात. समुद्रालगतची करावळी म्हणजे किनारपट्टी, सह्याद्रीच्या दाट अरण्यांचा मलनाड आणि त्याच्या पूर्वेला पसरलेले पठार, म्हणजे मैदान. मलनाडातील आगुंबे येथे वर्षाकाठी सात हजार मिलिमीटरच्या वर पाऊस कोसळतो, तर पठारावरील चित्रदुर्गाच्या वाट्याला जेमतेम सहाशे मिलिमीटर येतो. आपल्याकडे महाबळेश्वरहून फलटणकडे उतरताना जो बदल जाणवतो, त्याचेच हे दक्षिणेकडील रूप होय.

म्हैसूर या पठाराच्या दक्षिण भागात, समुद्रसपाटीपासून सुमारे ७७० मीटर उंचीवर वसले आहे. पाऊस बेताचा, सुमारे आठशे मिलिमीटर. आग्नेयेला हजार मीटरहून उंच अशी चामुंडी टेकडी पहारा देत उभी आहे. उत्तरेकडून कावेरी वाहते आणि दक्षिणेकडून काबिनी, जिला लोक प्रेमाने कपिला म्हणतात. शहर मात्र या दोहोंमधल्या उंचवट्यावर आहे. परिणामी येथील पाणी दोन दिशांना उतरते. एक वाट केसरेच्या बाजूने कावेरीकडे जाते, दुसरी दळवाय तळ्याच्या बाजूने काबिनीकडे. नद्या जवळ असूनही पाणी वर चढवावे लागते, आणि वापरलेले पाणी योग्य उतार साधून बाहेर काढावे लागते. हे दोन प्रश्न निसर्गानेच या शहराला घालून दिले.

जुनी राजधानी श्रीरंगपट्टण येथे याउलट स्थिती होती. राजा वडियार यांनी १६१० साली ते ठाणे जिंकले आणि तेथेच दसऱ्याचा उत्सव सुरू केला. कावेरीच्या दोन प्रवाहांनी वेढलेले हे बेट शत्रूपासून रक्षण करण्यास उत्तम होते. पुढे ४ मे १७९९ रोजी टिपू सुलतान याच किल्ल्यात धारातीर्थी पडला. इंग्रजांनी तेथे आपली फौज ठेवली, पण नदीकाठच्या दमट हवेत हिवतापाने सैनिक हैराण झाले. अखेर १८०९ मध्ये लष्करी छावणी बंगलोरला हलविण्यात आली. बंगलोरच्या पुढील भरभराटीला जी कारणे घडली, त्यांत श्रीरंगपट्टणच्या डासांनाही स्थान द्यावे लागेल.

राणीने दाखविलेला दंड

टिपूच्या पाडावानंतर वडियार घराण्यातील पाच वर्षांचे कृष्णराज तिसरे यांना म्हैसूरच्या गादीवर बसविण्यात आले आणि कारभार दिवाण पूर्णय्यांच्या हाती आला. त्या काळी राजवाडा असो वा झोपडी, सर्वांत मोठी धास्ती देवीच्या रोगाची असे. मराठीत या रोगाचे नावच ‘देवी’. तिचा कोप झाला की औषध नसे, नवस असे. म्हैसूरचे राजघराणेही या कोपातून सुटले नव्हते.

जेन्नरची लस भारतात प्रथम टोचली गेली ती मुंबईत. १४ जून १८०२ रोजी ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीच्या दंडावर ती यशस्वी झाली, आणि तिच्या फोडातील लस दंडामागून दंड अशी देशभर पोहोचली. परंतु लोकांचा विश्वास बसणे अवघड होते. गाईपासून आलेला द्रव, तोही परक्या मुलाच्या अंगातून काढलेला! सोवळ्याओवळ्याच्या समाजाने तो कसा स्वीकारावा?

सुमारे १८०५ मध्ये रंगविलेले एक तैलचित्र या संदर्भात बोलके आहे. ते थॉमस हिकी या चित्रकाराचे मानले जाते. चित्रात म्हैसूरच्या राजघराण्यातील तीन स्त्रिया आहेत. त्यांपैकी उजवीकडील तरुण राणीने साडीचा पदर किंचित सारून आपला दंड दाखविला आहे. अभ्यासकांच्या मते ती राणी देवाजम्मण्णी असून लस टोचल्याची जागा ती दर्शवीत आहे. हा अर्थ खरा मानला, तर आरोग्यविषयक लोकशिक्षणाचे हे आपल्या देशातील अगदी आरंभीचे उदाहरण ठरते. पडद्याआड राहणाऱ्या राणीने आपला दंड चित्रासाठी उघडा करावा, यामागे केवढे धैर्य असेल!

नाल्याचा राजरस्ता

पाण्याचा प्रश्न पूर्णय्यांनाही जाणवला होता. कावेरीचे पाणी म्हैसूरपर्यंत आणावे म्हणून त्यांनी एक प्रचंड कालवा खणण्यास घेतला. बेत भव्य होता, पण तो तडीस गेला नाही. कावेरी आली नाही आणि खोदलेला चर मात्र राहिला. शहरातून जाणाऱ्या या चरात पावसाचे पाणी, सांडपाणी व मैला साचू लागला. पाणी आणण्यासाठी केलेला मार्ग घाणीचे आगर बनला. ‘पूर्णय्यांचा नाला’ हे नाव लोकांच्या तोंडी कोणत्या भावनेने येत असेल, याची कल्पना करता येते.

दरम्यान शहराची तहान तळ्यांवर भागत होती. कुक्करहळ्ळीचे तळे १८६४ साली बांधले गेले ते याच गरजेतून. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत मात्र चित्र पालटले. शहरातील नाल्याचा भाग बुजविण्यात आला आणि त्यावर सयाजीराव रस्ता आखला गेला. राजमातेच्या नावाने सुरू झालेल्या ‘वाणीविलास’ पाणीपुरवठा योजनेने कावेरीचे पाणी उंचवट्यावर चढविले. पूर्णय्यांचे स्वप्न असे दुसऱ्या वाटेने पूर्ण झाले.

या राजमातेची कहाणीही आजाराशी जोडलेली आहे. महाराज चामराजेंद्र वडियार यांचे २८ डिसेंबर १८९४ रोजी कलकत्त्याच्या मुक्कामी घटसर्पाने निधन झाले, तेव्हा ते अवघे एकतीस वर्षांचे होते. युवराज कृष्णराज चौथे दहा वर्षांचे. राणी केंपनंजम्मण्णी, म्हणजेच ‘वाणीविलास सन्निधान’, यांनी दुःख गिळून १९०२ पर्यंत राज्याची धुरा सांभाळली. याच काळात जुना राजवाडा १८९७ साली आगीच्या भक्ष्यस्थानी पडला, आणि पुढच्याच वर्षी संस्थानात प्लेग शिरला.

प्लेगचा धडा

प्लेगची आठवण महाराष्ट्राला वेगळी सांगायला नको. १८९६ मध्ये मुंबईत साथ सुरू झाली. पुण्यात गोऱ्या सोजिरांनी घरात घुसून केलेल्या तपासण्यांमुळे असंतोष भडकला आणि २२ जून १८९७ रोजी रँडवर चाफेकर बंधूंनी गोळ्या झाडल्या. लोकांचा विश्वास गमावला की रोगापेक्षा त्यावरील उपायच अधिक भयंकर वाटू लागतो, हा त्या घटनेचा धडा होता.

ऑगस्ट १८९८ मध्ये प्लेग बंगलोरला पोहोचला व तेथून म्हैसूर संस्थानात पसरला. साथ आवरण्यासाठी संस्थानाने प्लेग कमिशनर म्हणून ज्या अधिकाऱ्याची नेमणूक केली, त्याचे नाव वाचून मराठी वाचकाचे कान टवकारतील. त्यांचे नाव विश्वनाथ पाटणकर माधवराव. कुंभकोणमच्या देशस्थ मराठी घराण्यात जन्मलेले हे गृहस्थ म्हैसूरच्या सेवेत पायरीपायरीने चढत गेले होते. प्लेगच्या कामगिरीने त्यांचे नाव झाले. पुढे ते त्रावणकोर, म्हैसूर आणि बडोदा अशा तीन संस्थानांचे दिवाण झाले. ज्या सयाजीरावांचे नाव म्हैसूरच्या रस्त्याला आहे, त्यांच्याच बडोद्यात १९१४ ते १९१६ या काळात त्यांनी दिवाणपद भूषविले.

प्लेगने शहराचा नकाशाच बदलला. दाटीवाटीची घरे, हवा न खेळणाऱ्या खोल्या, उंदरांना आश्रय देणारी धान्याची कोठारे यांकडे आता डोळेझाक शक्य नव्हती. मुंबईत १८९८ साली इम्प्रुव्हमेंट ट्रस्टची स्थापना झाली, आणि अवघ्या पाच वर्षांत, १९०३ मध्ये, म्हैसूरनेही नगर सुधारणा मंडळ स्थापन केले. किल्ल्यात राजवाड्याभोवती दाटलेली वस्ती बाहेर हलविण्यात आली. चामराजपुरम, लक्ष्मीपुरम यांसारख्या नव्या वसाहती रुंद व सरळ रस्त्यांनिशी वसल्या. अनेक ठिकाणी घरांच्या दोन रांगांच्या मागे सफाईसाठी स्वतंत्र बोळ सोडण्यात आली. पर्यटक ज्या प्रशस्त, वृक्षाच्छादित रस्त्यांचे कौतुक करतात, त्यांच्या आखणीमागे सौंदर्यदृष्टीइतकीच साथीची भीती होती. तिचे रूपांतर नियोजनात करण्याचे शहाणपण मात्र त्या पिढीचे.

धरण, बँक आणि डास

यानंतरच्या कालखंडावर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांची मुद्रा आहे. त्यांचे अभियांत्रिकीचे शिक्षण पुण्याच्या सायन्स कॉलेजात झाले. मुंबई इलाख्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात त्यांची नोकरीची सुरुवातीची वर्षे नाशिक, खानदेश व पुणे या भागांत गेली. खडकवासल्याच्या धरणावर १९०३ मध्ये त्यांनी बसविलेले स्वयंचलित दरवाजे प्रसिद्धच आहेत. महाराष्ट्रात पारखलेले हे कौशल्य त्यांनी १९०९ पासून मायभूमीच्या सेवेत रुजू केले. १९१२ ते १९१८ या काळात ते म्हैसूरचे दिवाण होते.

कन्नंबाडी येथे कावेरीवरील कृष्णराजसागर धरणाचे काम १९११ मध्ये सुरू झाले व दोन दशकांनी पूर्णत्वास गेले. याच दिवाणांच्या पुढाकाराने १९१३ साली बँक ऑफ म्हैसूरची स्थापना झाली. स्टेट बँक ऑफ म्हैसूर या नावाने पुढे नावारूपाला आलेली ही बँक २०१७ मध्ये भारतीय स्टेट बँकेत विलीन झाली. पाणी साठवावे ते धरणात आणि पैसा साठवावा तो बँकेत. दोन्ही साठे कोरड्या दिवसांसाठी आणि शेतापर्यंत पोहोचविण्यासाठी. त्यांच्या अर्थविचारात या दोन गोष्टी एकमेकींना पूरक होत्या.

मात्र प्रत्येक जमेच्या बाजूसमोर खर्चाची बाजूही असते. धरणाच्या कालव्याने मंड्या परिसरात ऊस व भाताची हिरवी शेते फुलली, साखर कारखाना उभा राहिला, आणि त्याच पाण्याने गावोगाव हिवताप पोहोचविला. निचऱ्याची सोय न करता ओलिताची शेती घरांच्या अंगणापर्यंत आली होती. पाझरणारे पाट आणि साचलेली डबकी ही डासांची पाळणाघरे ठरली. कावेरीकाठच्या बेटावर इंग्रज फौजेला ज्या तापाने गाठले, तोच आता कोरडवाहू गावांच्या दारी आला. पिकाचे उत्पन्न वाढले, पण ते कापायला उठणारा शेतकरी अंथरुणाला खिळला.

या प्रश्नाची दखल संस्थानाने घेतली, हे विशेष. १९२० च्या दशकाच्या अखेरीस रॉकफेलर प्रतिष्ठानच्या सहकार्याने म्हैसूरने स्वतंत्र आरोग्य खात्याची उभारणी केली आणि मंड्या येथे ग्रामीण आरोग्य केंद्र सुरू केले. हिवतापाची पाहणी, डासांच्या उत्पत्तिस्थानांचा बंदोबस्त आणि १९४० च्या दशकाच्या उत्तरार्धात घरांतून डीडीटीची फवारणी, अशा क्रमाने हा लढा चालला. सिंचनाच्या योजनेत निचऱ्याचा खर्च आधीच धरावा, हा मंड्याचा धडा आजही प्रत्येक लाभक्षेत्राला लागू आहे.

आरोग्याच्या संस्था

रोगाने राजा-रंक भेद कधी केला नाही. म्हैसूरच्या राजघराण्यात क्षयानेही प्रवेश केला. कृष्णराज चौथे यांच्या भगिनी कृष्णाजम्मण्णी यांच्या नावाने कृष्णराजसागर रस्त्यावर उभारलेले क्षयरोग रुग्णालय त्या दुःखाचे स्मारक आहे. प्रतिजैविके नसलेल्या त्या दिवसांत मोकळी हवा, विश्रांती व सकस आहार हाच उपचार होता. त्यासाठी शहराबाहेरची विस्तीर्ण जागा देण्यात आली. १९२४ साली बंगलोरमध्ये सुरू झालेले वैद्यकीय महाविद्यालय १९३० मध्ये म्हैसूरला आले आणि संस्थानाला आपलेच डॉक्टर मिळू लागले.

त्याच वर्षी, म्हणजे १९३० मध्ये, संस्थानाने आणखी एक धाडसी पाऊल टाकले. बंगलोर व म्हैसूर येथील प्रमुख सरकारी रुग्णालयांत संतती नियमनाची केंद्रे उघडण्याचा हुकूम निघाला. सरकारने स्वतः चालविलेली जगातील पहिली संतती नियमन केंद्रे म्हणून त्यांचा उल्लेख केला जातो. येथे आपल्या रघुनाथ धोंडो कर्वे यांचे स्मरण झाल्यावाचून राहत नाही. त्यांनी १९२१ मध्येच मुंबईत असे केंद्र सुरू केले होते. त्यासाठी त्यांना नोकरी गमवावी लागली, ‘समाजस्वास्थ्य’ मासिकाबद्दल न्यायालयाच्या पायऱ्या चढाव्या लागल्या. मुंबईत एका व्यक्तीने ज्या विचारासाठी सर्वस्व पणाला लावले, तो म्हैसूरमध्ये नऊ वर्षांनी शासकीय आदेश बनला.

स्वातंत्र्यानंतर ही परंपरा वेगळ्या रूपात वाढली. १९५० साली चेलुवांबा राजप्रासादात केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्था सुरू झाली. म्हशीच्या दुधापासून लहान मुलांना पचेल असे दुग्धान्न बनविण्याची पद्धत येथील शास्त्रज्ञांनी विकसित केली, आणि पुढे ‘अमूल’च्या डब्यातून ते घराघरांत पोहोचले. एका राजकन्येसाठी बांधलेल्या वास्तूतून असंख्य तान्ह्या मुलांचे पोषण व्हावे, हा योग सुंदर आहे. वाचा व श्रवण यांच्या दोषांवर उपचार करणारी अखिल भारतीय संस्थाही १९६५ पासून याच शहरात आहे.

चालू खात्यावरचा हिशेब

२०१५ मध्ये देशातील ४७६ शहरांच्या स्वच्छता क्रमवारीत म्हैसूर पहिले आले, आणि २०१६ च्या सर्वेक्षणात ७३ शहरांमध्येही त्याने तो मान टिकविला. वृत्तपत्रांनी श्रेय त्या वर्षाच्या कामाला दिले. ते योग्यच होते, कारण पहाटे रस्ते झाडणाऱ्या पौरकार्मिकांच्या कष्टांशिवाय असा मान मिळत नाही. परंतु त्या यशात बुजविलेल्या नाल्याचा, सफाईच्या बोळांचा आणि प्लेगनंतर आखलेल्या रस्त्यांचाही वाटा होता. पूर्वजांनी ठेवलेल्या ठेवीचे ते व्याज होते.

मात्र ठेवीवरील व्याजावर कायम जगता येत नाही. शहर वाढले, उंचवट्यावरून उतरून चोहीकडे पसरले. ज्या वाटेने पाणी काबिनीकडे जाते, त्या वाटेवरील दळवाय तळे सांडपाण्याने काळवंडले. मे २०२४ मध्ये शहरालगतच्या के. साळुंडी गावात दूषित पाणी पिऊन अनेक ग्रामस्थ आजारी पडले आणि एका तरुणाला प्राण गमवावे लागले. देशातील सर्वांत स्वच्छ म्हणून गौरविलेल्या शहराच्या वेशीवर, एकविसाव्या शतकात, पाण्याने माणूस दगावतो, ही गोष्ट कोणाही नागरिकाला अंतर्मुख करणारी आहे. पूर्णय्यांच्या नाल्याने दोनशे वर्षांपूर्वी विचारलेला प्रश्न आज नव्या वस्त्यांसमोर उभा आहे. घरात नळ येण्याआधी त्या पाण्याची बाहेर जाण्याची वाट ठरली आहे काय?

आशेची उदाहरणेही समोर आहेत. चामुंडीच्या पायथ्याचे कारंजी तळे एके काळी सांडपाण्याने बिघडले होते. ते पुन्हा स्वच्छ झाले आणि आज तेथे पक्षी व पर्यटक दोघेही येतात. हप्ते थकले तरी इच्छा असेल तर खाते पूर्ववत करता येते.

वाचकहो, म्हैसूरला जाण्याचा योग आला तर राजवाड्याची रोषणाई अवश्य पाहा. त्यानंतर सकाळच्या वेळी, गर्दी सुरू होण्यापूर्वी, सयाजीराव रस्त्यावरून थोडे पायी चाला. देवराज बाजारात फुलांच्या राशी लागत असतील, झाडूवाल्या बायका आपले काम उरकून परतत असतील. पायाखाली काय आहे ते आता आपल्याला ठाऊक आहे. आणि घरी परतल्यावर आपल्या गावातील ओढ्याची, तळ्याची किंवा गटाराची वाट कुठे जाते, याची एकदा चौकशी करा. म्हैसूरची खरी भेटवस्तू हीच ठरेल.